वाचणारा गाईड

ज्या जंगलाची ही गोष्ट, त्याला नाव नाही. नाव विचारू नका. मांडी घालून बसा आणि ऐका.

त्या जंगलात एक विद्यापीठ निघालं. आधी नव्हतं. आधी बेडूक न शिकताच ओरडायचा आणि कोणाचं काही अडत नव्हतं. मग हत्ती कुलगुरू झाला. त्याने नियम केला की ज्याला पंडित ही पदवी नाही, त्याने पाणवठ्यावर शेवटच्या रांगेत उभं राहायचं. शेवटच्या रांगेला चिखल मिळतो. झालं. सगळं जंगल प्रबंध लिहायला बसलं.

प्रबंध म्हणजे काय? सांगतो. पळसाच्या वाळल्या पानांवर एकच गोष्ट दोनशे पानं लिहायची, तो प्रबंध. लिहिताना डोक्यावर एक मोठा प्राणी बसवून घ्यायचा, तो गाईड. शेवटी गाईडने चिखलात पंजा बुडवून पहिल्या पानावर उमटवायचा. उमटला की पंडित. नाही उमटला की चिखल.

आता त्या विद्यापीठाची रीत ऐका. गाईड प्रबंध वाचत नसत. कधीच नाही. वाचला तर विद्यार्थ्यावर भरवसा नाही असं दिसायचं. घरंदाज गाईड पानांचा गठ्ठा हातात घ्यायचा, वजन पाहायचा, 'हं' म्हणायचा आणि परत द्यायचा. चार पिढ्या असंच चाललं होतं.

त्या जंगलात साळू नावाची एक सायाळ होती. अंगावर काटे, आणि डोक्यात प्रश्न. दोन्ही घरच्यांना टोचत.

तिचा विषय होता, 'सायाळ काटे फेकते काय?'

आता हे तर शेंबडं पोरही सांगेल. सायाळ पंचवीस हातांवरून काटा फेकते. सगळ्या जंगलाला ठाऊक होतं. म्हणून तर बिबटे सायाळीपासून पंचवीस हात लांब राहत. बोटभरही पुढे येत नसत.

साळूने बापाला विचारलं, "बाबा, तुम्ही कधी फेकलाय?"

"मला वेळच आली नाही. माझ्या आज्याने फेकला होता."

"तुम्ही पाहिलंत?"

"आज्याने सांगितलं."

"म्हणजे पुरावा नाही."

"थोबाडीत दिली तर पुरावा म्हणून चालेल का?" बाप म्हणाला. तिथे चर्चा संपली.

साळू मात्र हटून बसली. तीन वर्षं रोज एका वारुळासमोर पाठ करून उभी राहिली. अंग ताणलं. श्वास कोंडला. अकराशे वेळा जोर लावला. एक काटा उडाला नाही. सैल झालेले काटे तेवढे गळून पायाशी पडत. गळालेला काटा जांभळाच्या रसात बुडवून ती त्यानेच सगळं टिपून ठेवी.

इतकं मोठं सत्य सापडलं की कोणाला तरी सांगावंसं वाटतं. साळू आपल्या गाईडकडे गेली.

तिचे गाईड केसकर सर. जातीने अस्वल. विभागप्रमुख. मोहाच्या झाडाखाली पडलेले असत.

"सर, चौथं प्रकरण झालं."

"वजन?" सरांनी डोळे न उघडता विचारलं.

"पावशेर."

"छान आहे. दीड शेर झालं की ये."

"सर, त्यात काय लिहिलंय ते..."

"तू कोण गं?"

तीन वर्षं झाली होती, पोरांनो. तीन वर्षं.

साळू रडत रडत धोंडू सशाकडे गेली. धोंडूने चार गाईड बदलले होते. त्यामुळे सगळे त्याचा सल्ला घेत.

"गाईड बदल," धोंडू म्हणाला. "पण डोळे उघडे ठेवून. गाईड काय बोलतो ते ऐकू नको. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठ. ते खरं सांगतात."

"पण वाचणारा गाईड मिळेल कुठे?"

"एक आहेत म्हणे. नदीपल्याड. ठिपके सर. ओळ न् ओळ वाचतात. आणि सायाळीवर त्यांचा मोठा अभ्यास आहे."

ठिपके सर जातीने बिबट्या होते. तुम्ही हसू नका. तीन वर्षं तुमची वही कोणी उघडली नाही, तर तुम्हीही बिबट्याकडे जाल.

साळू गेली. ठिपके सर पंचवीस हातांवर एका खडकावर बसले. तिथूनच बोलले. आवाज लोण्यासारखा.

"ये साळूबाई. विषय ऐकला आणि माझी झोप उडाली. किती दिवसांत कुणी असा विषय घेतला नव्हता."

साळूला धोंडूचा सल्ला आठवला. "सर, तुमचे जुने विद्यार्थी कुठे भेटतील?"

"तिघं होते. एक भेकर, एक मोर, एक रानडुकराचं पोर. फार गुणी."

"आता कुठे असतात?"

"कुठे जातील? तिघांनाही मी पोटाशी धरलंय," सर म्हणाले आणि त्यांनी मिशीवरून जीभ फिरवली.

साळूचे डोळे भरून आले. केसकर सरांनी तर तिचं नावही लक्षात ठेवलं नव्हतं.

तिने धावत जाऊन सोडचिठ्ठीचं पान केसकर सरांपुढे धरलं.

"वजन?"

"एकच पान आहे, सर."

"हलकं आहे," सर म्हणाले. पंजा उमटवला आणि कूस बदलली.

मग साळूचे सोन्याचे दिवस आले. ठिपके सर खरंच वाचत. आज पान दिलं की उद्या परत. कडेला नखाने शेरे. 'उत्तम.' 'आणखी लिही.' 'हे नक्की का?' पहिलं प्रकरण वाचून झालं आणि सर वीस हातांवर येऊन बसले. दुसरं झालं, पंधरा हातांवर. तिसरं झालं, दहा हातांवर. साळूला वाटे, सर किती जवळचे वाटू लागलेत.

"पाचव्या प्रकरणात एक उणीव आहे," एक दिवस सर म्हणाले. "पोटाविषयी काही नाही."

"पोट? पोटावर काटेच नसतात, सर."

"अरेरे. मग ते लिहायला नको का? सविस्तर लिही. आकृती काढ."

साळूने आकृती काढली. सर आकृतीकडे इतका वेळ बघत राहिले की पानावर लाळ गळली. इतकं मन लावून तिचं काम कोणी पाहिलं नव्हतं. ती घरी नाचत गेली. वाटेत एका कोल्ह्याला उगाच मिठी मारली. कोल्हा दोन दिवस झोपून होता.

सहावं प्रकरण झालं. निष्कर्ष लिहून झाला. सर पाच हातांवर आले.

"साळूबाई, संशोधन एकट्यासाठी नसतं," ते म्हणाले. "समाजाला त्याचा उपयोग झाला पाहिजे. तोंडी परीक्षेला मी माझ्या समाजाला बोलावतो. तू तुझ्या समाजाला आण. सगळ्यांना आण. म्हातारी, लेकुरवाळी, कोणाला मागे ठेवू नको."

"सर, तुमच्यासारखा गाईड जन्मात मिळायचा नाही."

"पुन्हा तर नाहीच," सर म्हणाले.

परीक्षेचा दिवस उजाडला. वडाखाली सगळं जंगल लोटलं. वरच्या फांद्यांवर माकडं. मध्ये हत्ती. त्याच्या शेजारी विभागप्रमुख केसकर सर, बसल्या बसल्या झोपलेले. पुढच्या रांगेत ठिपके सर आणि त्यांचे अकरा भाऊबंद. अंग चाटून चकचकीत. मागे साळूचा बाप, आई, आत्या, मावश्या, चाळीस सायाळी. पोरींनी काट्यांत शेवंती खोवली होती. बाप ज्याला त्याला सांगत होता, "आमची साळू. काय लिहिलंय ते सांगत नाही, पण लई मोठं लिहिलंय."

हत्तीने सोंड उंचावली. "साळू, निष्कर्ष सांग."

साळूने तोंड उघडलं. "या प्रबंधात मी सिद्ध केलं आहे की सायाळ..."

आणि तिची नजर पुढच्या रांगेवर गेली.

बाराही बिबट्यांनी कान टवकारले होते. पण तिच्या तोंडाकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे खाली बघत होते. पोटाकडे. मग एकेकाने मान वळवून मागच्या चाळीस सायाळींकडे पाहिलं. एक तरणा बिबट्या बोटांवर काहीतरी मोजत होता. एकाला तीन, आणि वर चार.

वीस हात. पंधरा. दहा. पाच.

साळूला आपला स्वतःचा प्रबंध त्या क्षणी पहिल्यांदा समजला.

खरं सांगितलं तर पदवी मिळणार होती आणि संध्याकाळपर्यंत घरातलं कोणी उरणार नव्हतं. खोटं सांगितलं तर तीन वर्षं मातीत.

"सायाळ...?" ठिपके सर प्रेमाने म्हणाले. "बोल, बाळ."

साळूने दोन्ही पंजांनी पोट झाकलं.

"घाबरली," हत्ती म्हणाला. "विद्यार्थी अडला तर विभागप्रमुखाने सारांश सांगायचा, असा नियम आहे. केसकर सरांना उठवा."

माकडांनी उठवलं. केसकर सरांनी समोर पाहिलं. सायाळ दिसली. काटे दिसले. एवढं त्यांना पुरेसं होतं.

"हा प्रबंध मी तीन वर्षं बारकाईने अभ्यासला आहे," त्यांनी घसा खाकरून सुरुवात केली. "वजन दीड शेर. सायाळ पंचवीस हातांवरून काटा फेकते, हे या विद्यार्थिनीने... काय गं तुझं नाव... हिने निर्विवाद सिद्ध केलं आहे."

टाळ्या. बापाची छाती फुगली.

"खोटं!" ठिपके सर उभे राहिले. "साफ खोटं! प्रबंधात उलट लिहिलंय!"

हत्तीने भुवई चढवली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी वाचलाय!"

फांद्यांवरच्या माकडिणींनी पोरांचे कान झाकले.

"काय केलंय म्हणालात?" हत्तीने हळू विचारलं.

"वाचलाय! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत! दोनदा!"

"सर," हत्ती म्हणाला, "इथे लेकीबाळी बसल्यात. जरा भान ठेवा."

मग एकच गलका झाला. "वाचला म्हणतो!" "शोभतं का गाईडला?" "बिचाऱ्या पोरीवर एवढा अविश्वास!" एका म्हाताऱ्या सांबराने उठून विचारलं, "पण वाचला कशासाठी? काय हेतूने?"

ठिपके सरांनी सांबराकडे पाहिलं. डुकरांकडे पाहिलं. हेतू सांगण्यासारखा नव्हता. "ज्ञानासाठी," ते पुटपुटले.

जंगल हसलं. अहो, काय हसलं! चार माकडं फांदीवरून पडली. तरस आडवा झाला. हत्ती हसताना सोंडेतलं पाणी पुढच्या रांगेवर उडालं.

"मग फेकून दाखव म्हणावं!" ठिपके सर पिसाळले. "आत्ता! सगळ्यांसमोर!"

साळूने पाठ फिरवली. काटा उडणार नाही हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. तिला आणि त्यांना. तरी तिने सगळे काटे उभारले आणि अंग असं झाडलं की वाळक्या शेंगांचं झाड हलावं तसा खुळखुळाट झाला.

पण अकरा भाऊबंदांनी प्रबंध कुठे वाचला होता? त्यांना आजीने सांगितलेलं ठाऊक होतं. पहिला खाली वाकला. दुसरा त्याच्यामागे दडला. तिसरा "आई गं!" म्हणाला. आणि मग अकराच्या अकरा एकमेकांच्या डोक्यावरून पळत सुटले.

"थांबा, मूर्खांनो!" ठिपके सर धावत साळूपाशी गेले आणि मागे वळून ओरडले. "मी बघा किती जवळ आहे! काही होत नाही! हा बघा, मी निवांत बसतो!"

आणि ते बसले.

साळूने अंग झाडलं तेव्हा एक सैल काटा गळून तिथेच पडला होता. टोक वर.

बघणाऱ्यांना एवढंच दिसलं, की साळूने पाठ फिरवली आणि ठिपके सर काट्यासकट चार हात वर उडाले.

"फेकला! फेकला!" सगळं जंगल नाचायला लागलं.

"गळालाय!" ठिपके सर नदीकडे पळता पळता ओरडत होते. "फेकलेला नाही, गळालाय! सहावं प्रकरण! पान एकशे चाळीस!"

कोण बघणार एकशे चाळिसावं पान?

गाईड पळालेला, म्हणून पंजा केसकर सरांनीच उमटवला आणि साळू पंडित झाली. पदवी घेताना तिला राहवलं नाही. ती केसकर सरांच्या कानाशी लागली. "सर, प्रबंधात खरंच उलट लिहिलंय."

"कोणी वाचणार आहे का?"

"नाही."

"मग तो खरा आहे तसा सुखाने राहील," सर म्हणाले आणि प्रबंध उशाला घेऊन झोपले.

तेव्हापासून बिबटे सायाळीपासून चाळीस हात लांब राहतात.

पुढे साळू स्वतः गाईड झाली. तिच्याकडे रांग लागली. येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारी, "बाई, तुम्ही वाचत तर नाही ना?"

"छे," साळू म्हणे. "इभ्रत आहे माझी."

मग सगळे गेले की ती लोकांकडे पाठ करून बसे, सगळे काटे उभारे, आणि त्या काट्यांच्या आड पहिल्या पानापासून वाचायला लागे.

तात्पर्य: जो गाईड तुमचा प्रबंध उघडतही नाही, त्याच्या पाया पडा. जो ओळ न् ओळ वाचतो, त्याला आधी लांबूनच विचारा, "सर, जेवण झालंय का?"