बेवारस दिवा

नल्लकुंट्यातल्या मराठी अभ्यासिकेत जुन्या ट्यूबलाइट जाऊन बारा एलईडी दिवे आले, तेव्हा कार्यकारिणीपुढे एक गंभीर प्रश्न उभा राहिला : देणगीदारांची नावं लिहायची कुठे? ट्यूबलाइटच्या पट्टीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ऐसपैस मावायचं. पंख्याच्या तर तीन पात्यांवर तीन पिढ्या गरगर फिरायच्या. हा नवा दिवा म्हणजे छतावरून लोंबणारी टोपी आणि तिच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पात्या. अध्यक्ष प्रतापरावांनी सरकारी नोकरीत अडतीस वर्षं फायली बांधल्या होत्या. त्यांनी त्या पात्यांभोवती अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या गच्च गुंडाळवल्या. नाव चारी दिशांनी वाचता येऊ लागलं.

तिसऱ्या आठवड्यात पहिला दिवा पिवळा पडला, लुकलुकला आणि गेला. इतिवृत्तात ‘अकाली निधन’ अशी नोंद झाली. संबंधित घराण्याने ‘आमचे आजोबा विझले’ अशी लेखी तक्रार केल्यामुळे त्या जागी दुप्पट वॅटचा दिवा बसवण्यात आला. तो बारांतल्याच दुसऱ्या देणगीदाराने दिला होता, म्हणून जुन्या पाटीवर नवी पाटी चढली. तो आठ दिवसांत गेला.

फेब्रुवारी संपेपर्यंत सात दिवे गेले, आणि हर्षदाचं धाबं दणाणलं. ती दहावीत होती. गणिताचा पेपर महिन्यावर आलेला. घरी दोन खोल्या, सहा माणसं आणि अखंड चालणारा टीव्ही. अभ्यासिका बंद पडली तर त्रिकोणमिती करायची कुठे, गॅसच्या ओट्यावर?

दिवा बदलायला आलेल्या अप्पाराव इलेक्ट्रिशियनला तिने गाठलं. “अंकल, ये लाइटां कायकू जारे सारके?”

“जाते नईं तो क्या करते?” बोटावर फुंकर मारत अप्पाराव म्हणाला. “ये पत्तियां गरमी बाहर फेंकने कू हैं, बेटा. तुम लोगां उनकू स्वेटर पिन्हा दिए!”

हर्षदाने पाठकोऱ्या कागदावर आकृती काढली. एलईडीचा उजेड थंड वाटला तरी आतली चिप तापते. ती उष्णता पात्यांतून हवेत जायला हवी. कोंडली, की उजेड मंदावतो, आतलं सर्किट भाजून निघतं आणि दिवा जातो. कागद घेऊन ती थेट सभेत घुसली.

“काका, काही विशेष नाहीये. पाट्या काढा, बस्स.”

“बाळ, दिवे येतात-जातात,” प्रतापराव शांतपणे म्हणाले. “पाटी कायम असते.”

“पण दिवाच नसला तर पाटी वाचणार कशी?”

“दिवसा,” सचिव सुलभाताई म्हणाल्या, आणि तसं लिहूनही घेतलं.

तरीही संस्था लोकशाहीवादी असल्याने बाराही घराण्यांना पत्रं गेली. एकमुखी पाठिंबा मिळाला. प्रत्येकाने इतर अकरांच्या पाट्या तात्काळ काढण्यास संमती दिली होती. त्यांत हर्षदाच्या बाबांचंही पत्र होतं.

“बाबा, अहो, काय हे!”

“अगं, आपल्या आबांची पाटी कोपऱ्यात आहे. तिचा कुणाला त्रास?”

पेपरला चार दिवस उरले तेव्हा फक्त कोपऱ्यातले आबा पेटत होते, तेही पिवळट. हर्षदाने अप्पारावकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून आणला, टेबलावर चढली, “आबा, सॉरी हं,” म्हणाली आणि पाटी सोडवली. अर्ध्या तासात दिवा निवला. उजेड पांढराशुभ्र झाला. त्या संध्याकाळी तिने एका अख्ख्या प्रकरणाचा फडशा पाडला आणि घरी जाताना जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा भरली.

“हा दिवा कुणाचा?” प्रतापरावांनी विचारलं.

“कुणाचाच नाही, काका. पण चालतोय बघा किती छान!”

“तीच तर अडचण आहे,” सुलभाताई घटनेचं पुस्तक उघडत म्हणाल्या. “बेवारस उजेड वापरायची तरतूद नाही.”

दिवा बंद झाला. बटणावर कागद चिकटवून त्यावर संस्थेचा शिक्का मारला गेला, आणि रिकाम्या जागेसाठी घराण्यांकडून अर्ज मागवण्यात आले. हर्षदाने उरलेली त्रिकोणमिती बस स्टॉपवर, एका कोचिंग क्लासच्या जाहिरातीखाली केली. गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे चेहरे तिच्या वहीवर हसरा उजेड पाडत होते.

दोन दिवसांत एकेचाळीस अर्ज आले. दिवा कधी लागणार, असं एकानेही विचारलेलं नाही. अक्षरं किती मोठी असतील, हे सगळ्यांनी विचारलं आहे. तुमचाही अर्ज पोहोचला. आजी-आजोबा दोघांची नावं आणि खाली तुमचं आडनाव ठळक, एवढं बसवायचं तर पाटी दुहेरी गुंडाळावी लागेल. सुलभाताई विचारतायत, चालेल ना?