गाठ राहू द्या, फायनल आहे!

भूपेशने चहाचा कप टेबलावर आपटला आणि जाहीर केलं, “ठरलं! शुक्रवारी सुई टोचून घ्यायची! पाच मिनिटांचं काम! तुझ्या भाकऱ्या होईपर्यंत मी परत!”

कप आपटला उजव्या हाताने आणि गाठही होती उजव्याच मनगटावर. त्यामुळे एवढी जोरदार घोषणा केल्यावर तो बराच वेळ तोंडाचा चंबू करून उभा राहिला.  त्याच्या बायकोने, चांदणीने, सांडलेला चहा पुसायला फडकं पुढे केलं.

गाठ उगवली होती दिवाळीच्या सुमारास. शांती नगरात भूपेशचं हार्डवेअरचं दुकान. रंगाचा डबा उचलला की मनगटातून अशी कळ यायची की गिऱ्हाइकाला वाटे, भाव ऐकून दुकानदारच कळवळला! त्याची आई रंभा मात्र पहिल्या दिवसापासून वरवंटा हातात घेऊन तयार होती.

“हात ठेव पाट्यावं,” ती म्हणायची. “एक ठोका देते! माझे बापासला पन आलती. एका ठोक्यात गेली!”

“आणि आजोबांचा हात?”

“हात जरासा वाकरा झाला. पन गाठ न्हाय रायली!”

वरवंट्याच्या धाकाने भूपेशने डॉक्टर गाठला. डॉक्टर व्हेनेसा मूळच्या उत्तनच्या, हसतमुख बाई. त्यांनी गाठ दाबून पाहिली, टॉर्च लावून पाहिली आणि म्हणाल्या, “घाबरू नका. गँगलियन आहे. सांध्याजवळ जेलीसारखं पाणी साठतं, एवढंच. काबुली चण्याएवढी आहे. नुसती राहू दिली तरी चालेल, कधीकधी आपोआप जाते. सुईने पाणी काढता येईल, पण परत भरू शकते. ऑपरेशन केलं तर परत यायचा चान्स कमी, पण मग हात जपावा लागेल. किती दुखतंय ते बघून तुम्हीच ठरवा. आणि कोणी ठोकायला आलं तर पळा! आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही गाठीवर जाडं पुस्तक आपटायची भारी हौस!”

भूपेशने सुई ठरवली, शुक्रवार ठरवला. इथेच गोष्ट संपायची. पण मध्ये रविवार आला.

भूपेशच्या चेणे गावात डिसेंबर लागला की टेनिस बॉल क्रिकेटची टूर्नामेंट असते. भूपेश वीस वर्षं चेण्याच्या टीममध्ये होता आणि वीस वर्षं बारावा गडी होता. पाणी नेणं, चुन्याची रेघ मारणं, झुडपात गेलेला बॉल शोधणं ही खाती त्याच्याकडे. आता वय बेचाळीस. सगळी पोरं त्याला काका म्हणायची आणि ‘काका, पाणी!’ एवढंच म्हणायची. एका वर्षी मंडळाने दया येऊन त्याला एक लाकडी शील्ड दिली होती. तिच्यावर पितळी अक्षरांत लिहिलं होतं, ‘उत्कृष्ट सहकार्य’. ती घरात कपाटावर होती. भूपेश तिच्याकडे बघायचं टाळायचा. त्याची इच्छा एकच होती. एकदा, फक्त एकदा, हातात पाण्याची बाटली नसताना मैदानात उतरायचं!

त्या रविवारी सेमीफायनल होती आणि नेमका चंदन, टीमचा हुकमी बॉलर, मामेभावाच्या हळदीत रात्रभर नाचून कंबर धरून बसला. कॅप्टन शिवाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुसरं कोणी दिसेना.

“काका, एक ओव्हर टाकाल? जास्त रन देऊ नका, बस्स!”

भूपेशने बॉल घेतला. मनगट नेहमीसारखं वळवलं तर कळ यायची, म्हणून त्याने बॉल बोटांनी बाजूने सोडला. बॉल ऑफला पडला आणि गर्रकन वळून लेग स्टंप उडवून गेला! बॅट्समन पिचकडे बघत राहिला. भूपेशही पिचकडेच बघत होता. त्याला वाटलं, दगड लागला. पुढचा बॉल उलटा वळला. त्या पुढचा कसा वळला हे तर कोणालाच सांगता आलं नाही! ओव्हर संपली तेव्हा चार विकेटी पडल्या होत्या आणि माईकवरचा कॉमेंट्रीवाला बेंबीच्या देठापासून ओरडत होता, “काका की जादू! काका की जादू!”

शिवाने धावत येऊन भूपेशला उचललं. खाली ठेवताना त्याची नजर मनगटावर गेली.

“काका, हे काय?”

“काही नाही रे. गाठ आहे.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“आणि बॉल कधीपासून वळतोय?”

“आजच. दिवाळीपासून मला बॉल दिलाय कोणी?”

शिवाचे डोळे विस्फारले. त्याने गाठीला बोट लावून ते कपाळाला लावलं. तिथून भूपेशचे दिवस पालटले.

शुक्रवारी भूपेश ‘माल आणायला जातोय’ सांगून गुपचूप दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी हात पुसला, सुई उचलली, आणि दार धाडकन उघडलं. बाहेर शिवा! शिवाच्या मागे सगळी टीम! बाहेर बसलेल्या पेशंटना वाटलं, मारामारी झाली.

“डॉक्टर, थांबा!” शिवा ओरडला. “गाठ राहू द्या, फायनल आहे!”

“हे कोण?” डॉक्टर व्हेनेसांनी विचारलं.

“आमची टीम,” भूपेश पुटपुटला. “बॉल त्या गाठीमुळे वळतो म्हणतात.”

“गाठीमुळे कसा वळेल? दुखतंय म्हणून तुम्ही हात वेगळा वापरताय, म्हणून वळत असेल!”

“मॅडम, आम्हाला सायन्स नका सांगू,” शिवाने हात जोडले. “समोर वरसावे गावाची टीम आहे. पाच वर्षं सलग हरतोय!”

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. “घाई नाहीये. तुमचं एकदा ठरवा आणि या. सगळे मिळून येऊ नका.”

ठरवायला त्याच संध्याकाळी गावदेवीच्या देवळासमोर बैठक भरली. एका माणसाच्या मनगटावरची गाठ, पण अख्खं गाव जमलं! एकजण म्हणाला, चुना लावावा, मोठी होईल. दुसरा म्हणाला, मोठी झाली तर बॉल वाइड जाईल! शेवटी मतदान झालं. ‘काढावी’ला एकच हात वर गेला, तो चांदणीचा.

“अहो, रात्री कण्हताय!” ती म्हणाली. “बॉल गेला खड्ड्यात!”

‘ठेवावी’ला बाकी सगळे हात वर गेले आणि त्यात एक हात भूपेशचाही होता, गाठीवाला. वर करताना कळ आली, पण त्याने तो खाली घेतला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा गाव त्याच्यासाठी जमलं होतं हो! माणूस एवढ्यासाठी काय काय सोसतो.

फायनल पुढच्या आठवड्यातल्या रविवारी होती; तोवर गाठीची बडदास्त सुरू झाली. भूपेशने सिलेंडर उचलायचा नाही, शटर ओढायचं नाही. दुकानात रोज टीममधलं कोणीतरी डबे उचलायला हजर! शिवाने स्वतः मनगटाला क्रेप बँडेज बांधलं. भूपेशने घरातही संधी साधली.

“जरा ताट उचलता?” चांदणी विचारायची.

“गाठ!” भूपेश मनगट दाखवायचा.

“तोंडाला नाहीये ना गाठ? मग निदान ‘भाजी छान झाली’ म्हणा.”

फायनलचा रविवार उजाडला. मार्गशीर्ष असल्यामुळे घरात मटणाचं नाव नव्हतं. चांदणीने छोल्यांसाठी काबुली चणे भिजत घातले होते. भूपेशने अंघोळीसाठी बँडेज सोडलं होतं. अंघोळ झाली, नवी जर्सी चढवली, आरशात स्वतःला दोनदा पाहिलं आणि कपाटावरची टोपी घ्यायला हात वर केला. टोपी निघाली. तिच्यामागोमाग ‘उत्कृष्ट सहकार्य’ निघालं आणि थेट मनगटावर आदळलं!

भूपेशच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. काजवे विझल्यावर त्याने मनगट पाहिलं. मनगट सपाट! लाल, सुजायला लागलेलं, पण सपाट! चोळून पाहिलं, वाकवून पाहिलं. गाठ गेली होती. ज्यासाठी दीड महिना कण्हला ते झालं होतं आणि त्याला रडू येत होतं. आता शिवा मनगट बघणार, ‘गाठ नाही’ म्हणणार, आणि हातात पुन्हा पाण्याची बाटली देणार!

तो स्वयंपाकघरात गेला. पातेल्यात चणे टम्म फुगून बसले होते. डॉक्टरांचे शब्द आठवले. काबुली चण्याएवढी!

“कच्चे चणे खाताय?” मागून चांदणीचा आवाज आला.

“एकच,” भूपेश म्हणाला आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. चणा मनगटावर, त्यावर चिकटपट्टी, त्यावर बँडेज. हुबेहूब!

मैदानावर रंभाने बँडेजवर हळदकुंकू वाहिलं, शिवाने नारळ फोडला आणि बँडेजवरून अंगठा दाबून पाहिला. 

“काका, आज जरा कडक लागतेय.”

“फॉर्मात आहे,” भूपेश म्हणाला.

मॅच अशी रंगली की घोडबंदर रोडवरच्या गाड्या थांबून लोक कठड्यावरून बघायला लागले! चेण्याचे रन जेमतेम. वरसावेचा कॅप्टन नीरज एका बाजूने धुलाई करतोय. शेवटची ओव्हर आली आणि शिवाने बॉल भूपेशच्या हातात दिला. काय बॉल वळत होता म्हणता! नीरजची बॅट एकीकडे, बॉल दुसरीकडे. पाच बॉल झाले. एक बॉल राहिला आणि वरसावेला दोन रन हवे होते.

नीरज घामाघूम. त्याने हात वर केला. “अंपायर! यांच्या हाताला काय बांधलंय? बॉलिंगच्या हाताला पट्टी चालते का? काढायला सांगा!”

“दुखापत आहे,” भूपेश म्हणाला. 

“दाखवा,” अंपायर म्हणाले.

पळून जावं असं भूपेशला फार वाटलं. पण चहूबाजूंनी गाव बसलं होतं. त्याने बँडेज सोडलं, चिकटपट्टी उचकटली. टप्! चणा पिचवर पडला आणि घरंगळत नीरजच्या बुटापाशी जाऊन थांबला.

माईकवरचा कॉमेंट्रीवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, “मित्रांनो… पिचवर चणा आलाय! मित्रांनो, हा काबुली चणा आहे!”

शिवा धावत आला. “काका, गाठ कुठाय?”

“सकाळी फुटली रे. शील्ड पडली.”

शिवाचं तोंड असं उतरलं की भूपेशला स्वतःपेक्षा त्याचंच वाईट वाटलं. “अंपायर, बॉलर बदलायचाय! काकांना दुखापत आहे!”

अंपायरनी मनगट निरखलं. “गाठ होती तेव्हा दुखापत होती. आता गाठ नाही, म्हणजे माणूस बरा झालाय. ओव्हर त्यालाच पुरी करायला लागेल.”

शिवा डोक्याला हात लावून मागे गेला. नीरज हसत हसत पुढे आला. आता काय, बॉल सरळ येणार! भूपेश एकटा उरला. गाठ नाही, चणा नाही, नारळ कधीच फुटलेला. आणि गंमत म्हणजे गाठीची ती जुनी कळ येत नव्हती! ठणकत होती ती शील्डची जागा, बाकी मनगट मोकळं होतं. ‘एवीतेवी जायचंच आहे तर मजेत टाकू,’ असं म्हणून त्याने बॉल बोटांनी सोडला, अगदी तसाच.

नीरजने सरळ बॅट आणली. बॉल पडला, वळला, आणि बॅटच्या बाजूने जाऊन मधला स्टंप उखडून गेला!

मग काय झालं ते भूपेशला नीट आठवत नाही. तो खांद्यावर होता एवढं आठवतं. ढोल वाजत होते, रंभा नाचत होती, चांदणी रडत होती आणि ‘हात सांभाळा!’ म्हणून ओरडत होती. भूपेशचा ऊर भरून आला. गाठीशिवाय वळला! बॉल आपल्या हाताने वळला, आता तरी सगळ्यांना पटेल! खांद्यावरून त्याने शिवाला शोधलं.

शिवा पिचवर रांगत होता. त्याने चणा शोधून काढला, रुमालाने पुसला आणि दोन्ही हातांत धरून उंच केला. “चणा!” तो ओरडला. “असर चण्याचा होता! हातात उतरला होता! काका, कुठल्या दुकानातून आणलात?”

तो चणा आता गावदेवीसमोर छोट्या डबीत आहे. टीममधली सगळी पोरं मनगटावर चणा बांधून प्रॅक्टिस करतात. भूपेश मात्र टीममध्ये पक्का झाला. डॉक्टर व्हेनेसांनी हात तपासून सांगितलं, “नशीब, हाड वाचलं! असलं परत करू नका. आणि गाठ परत येऊ शकते, लक्ष ठेवा.” हे ऐकून सोबत आलेल्या शिवाच्या चेहऱ्यावर जी आशा उमलली ती बघून त्यांनी पुढचं बोलणं आवरतं घेतलं.

भूपेश मात्र दुकानात येईल त्याला ठणकावून सांगतो, “गाठबीठ काही नाही, चणाबिणा काही नाही! बॉल बोटांतून वळतो! सायन्स आहे हे!”

परवा मॅचच्या आदल्या संध्याकाळी चांदणीने फडताळातली एक वाटी त्याच्यासमोर धरली. वाटीत पाणी होतं.

“हे काय भिजत घातलंय?”

“छोल्यांना,” भूपेश पेपरमधून मान वर न काढता म्हणाला.

चांदणीने वाटीत डोकावून पाहिलं. “एकच?”