शववाहिकेच्या मागोमाग

लाइल टॉलेफसनच्या शवपेटीशेजारी वेंडेल हॅल्वर्सन धंद्याला शोभेल असा गंभीर चेहरा करून उभा होता. पण त्याच्या काळ्या कोटाच्या आत, सदऱ्याच्याही आत, बनियनला शर्यतीचा नंबर टाचलेला होता. पास्टरच्या प्रत्येक ‘आमेन’ला मान खाली घातली की त्यातली एक पिन छातीला टोचत होती.

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात तीन पिढ्या लोकांचे अंत्यविधी हॅल्वर्सन मंडळीच करत आली होती. कॉलेजात असताना वेंडेलने चालण्याच्या शर्यतीत चांगलं नाव काढलं होतं. मग वडील गेले, सगळा कारभार गळ्यात पडला, आणि पुढची पंचवीसेक वर्षं तो चालला ते फक्त शवपेटीपुढे. पन्नाशी उलटल्यावर मात्र त्याचे पाय पुन्हा शिवशिवायला लागले. पहाटे दफनभूमीत तो सराव करी. तिथे बघणारं कोणी नव्हतं, निदान बोलणारं तरी नव्हतं.

लपवण्यासारखं त्यात काय होतं? तर कंबर. या शर्यतीत एक पाय सतत जमिनीवर लागतो, गुडघा सरळ लागतो, आणि मग वेग आणायचा तर सगळा भार कमरेवर येतो. ती अशी काही हलते की पाहणाऱ्याने तोंड फिरवून हसावं. ज्याच्या हाती आपला बाप सोपवायचा, तो माणूस असा लचकत जाताना दिसला तर गावात राहिलं काय? त्यातून टॉलेफसन म्हणजे निम्मं गाव. आर्डिसबाईंनी तर नवऱ्याची पेटी निवडतानाच तोंडावर सांगितलं होतं, “लाइलचं तू कर. माझं मी अजून ठरवलेलं नाही. पलीकडच्या गावातल्याने नवा गालिचा घातलाय म्हणे.”

शर्यत नेमकी त्याच शनिवारी दुपारी, जिल्ह्याच्या गावी. त्यात ठरावीक वेळेत आलं तरच जुलैअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश. लाइलने मंगळवारी डोळे मिटले, त्याला बिचाऱ्याला काय माहीत! वेंडेलने हिशेब केला: दफन झालं की आपलं काम संपलं. मंडळींना चर्चमध्ये जेवायला पास्टर घेऊन जातील.

पास्टर मात्र कबरीपाशी कोणाशी तरी बोलत राहिले. वेंडेलने रिकामी शववाहिका हळूच बाहेर काढली आणि मक्याच्या शेतांमधल्या रस्त्याला लागला. आरशात पाहिलं, तर मागे टॉलेफसनांची गाडी, अंत्ययात्रेत लावतात तसे भरदिवसा दिवे लावून. तिच्यामागे आणखी एक. तिच्यामागे रांगच.

‘हायवेला जात असतील,’ तो मनाशी म्हणाला आणि वळला. रांगही वळली. त्याने वेग कमी केला, म्हणजे ते पुढे जातील. पण शववाहिकेला मागे टाकून पुढे जाईल असा माणूस त्या मुलखात जन्मलेला नाही. त्याने खिडकीतून हात काढून ‘जा, जा’ केलं. मागच्या गाडीतून जावईबापू रँडलने अदबीने हात हलवला. समोरून येणारा ट्रॅक्टर बाजूला थांबला आणि शेतकऱ्याने टोपी काढली. थांबून खुलासा करावा, तर निघालोय कुठे तेही सांगावं लागणार. वेळही हातात नव्हता.

फोन वाजला. बायको, मार्लिस. ती चर्चच्या तळघरात वाढप्यांमध्ये होती.

“वेंडेल, घरचे लोक कुठायत?”

“का? आले नाहीत?”

“गावातले झाडून सगळे आलेत, पण घरचं एक माणूस नाही! पास्टर तिसऱ्यांदा प्रार्थना म्हणतायत. हॅमची सँडविचेस वाळून चाललीत.”

“मार्लिस, ते माझ्या मागे आहेत.”

“मागे म्हणजे?”

“म्हणजे मागे. शर्यतीला.”

पलीकडे एक भांडं खणकन पडलं. “अरे देवा! तू लोकांचं अख्खं खानदान पळवलंस?”

मैदानाच्या फाटकावरच्या माणसाने शववाहिका पाहिली, टोपी छातीशी धरली आणि काही न विचारता सगळ्यांना आत सोडलं. काळ्या कपड्यांतली मंडळी उतरली. रँडल ॲरिझोनाचा, त्याला इथले रस्ते ठाऊक नव्हते. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, “जेवण इथं आहे होय? छान, मोकळं आहे.”

वेंडेल आर्डिसबाईंपुढे गेला. त्याने एकदाचं सगळं सांगून टाकलं. “टॉलेफसनबाई, चूक माझी आहे. मी आत्ताच्या आत्ता तुम्हाला चर्चमध्ये सोडतो. शर्यतीचं राहू दे.”

आर्डिसबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “मला पहिल्या वळणालाच कळलं होतं, रस्ता चुकलाय ते.”

“आई! मग बोलला का नाहीत?” रँडल ओरडला.

“त्या तळघरात बसून शंभर जणांकडून ‘वाईट झालं’ ऐकायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हटलं, हा जिथं नेईल तिथं जाऊ. वेंडेल, कोट काढ. आलास ना? मग चाल.”

वेंडेल चालला. काळ्या पोशाखातलं ते सगळं गोत बाकांवर ओळीने बसलं होतं आणि चिडीचूप होतं. पहिल्या फेरीत त्याला लाजेने मान वर करवेना. दुसऱ्या फेरीत पंचाने त्याला इशाऱ्याची पिवळी पाटी दाखवली, दोन्ही पाय एकदम उचलल्याचा संशय म्हणून. तेवढ्यात बाकावरून खणखणीत आवाज आला.

“ए पिवळी पाटीवाल्या! पाय जमिनीवर आहे त्याचा! मी बघतेय ना इथून!”

रँडल आधी खोकला, मग त्याला आवरेना. तो पोट धरून हसायला लागला, आणि मग सगळी रांगच सुटली. हसता हसता कोणी रडलंही. पण प्रत्येक फेरीला टॉलेफसन मंडळी उभी राहून ओरडत होती. वेंडेलची कंबर जन्मात हलली नव्हती इतकी हलली. तो तिसरा आला आणि वेळेत बसला.

धापा टाकत, गुडघ्यांवर हात ठेवून तो आर्डिसबाईंपुढे उभा राहिला. पात्र ठरल्याचा आनंद अजून त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. निकाल अजून इथला लागायचा होता.

“ठरलं,” बाई म्हणाल्या. “माझं तूच करायचंस.”

वेंडेलच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने घामाबरोबर पुसलं.

“पण एक अट. माझ्या गाडीपुढे चालत जायचं, आणि असं. या कमरेसकट.”

“बाई, लोक हसतील हो!”

“मग? आठवडाभरात आज पहिल्यांदा माझी माणसं हसली.” त्यांनी पर्स उचलली आणि गाडीकडे निघाल्या. चार पावलांवर थांबून त्या वळल्या. “ती तुझी राष्ट्रीय का काय स्पर्धा, कधी म्हणालास?”

“जुलैअखेर.”

“बरं,” आर्डिसबाई म्हणाल्या, “मग मी ऑगस्टपर्यंत थांबते.”