सगळ्यात वरचा कप्पा

जगातली कुठलीही गोष्ट मी मुलांना करून दाखवतो आणि शिकवतो! पृथ्वी शिकवताना चक्कर येईपर्यंत स्वतःभोवती फिरलोय मी. त्यामुळे जावई नोकरी करतो त्या नव्या गोदामात नातीने "आजोबा, हे चालतं कसं?" असं विचारताच मी बाह्या सरसावल्या.

गोदाम कसलं, बिनखिडक्यांचा डोंगरच तो! आत दिवे नाहीत, जिने नाहीत, माणूस जाईल एवढी वाटही नाही. यंत्रांना कशाला हवाय उजेड?

"पूर्वी हमालाचा हात पोचेल एवढीच उंच मांडणी असायची," मी सुरू केलं. "आता यंत्र उचलतं, म्हणून इमारत वर वाढते. खपणारा माल दाराशी. ज्याला कुणी मागत नाही, तो सगळ्यात वर! कळलं?"

"नाही."

"बरं. समज, मी साखरेचं पोतं." आणि मी दारातल्या रिकाम्या फळीवर मांडी घालून बसलो.

"बाबा, उठा!" जावई ओरडला.

तोवर फळी निघालीसुद्धा! यंत्राने माझं वजन केलं, पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि जुनी सुटकेस माळ्यावर टाकावी तसं मला छताखालच्या कोपऱ्यात सारलं.

नेमके तेव्हाच मालक आले. ते खूश झाले तरच जावयाची नोकरी टिकणार होती.

"साहेब, आत एकही माणूस नाही," जावई घाम पुसत म्हणाला.

"जावईबापू, इथे फार अंधार आहे हो!" मी वरून ओरडलो.

"हे कोण?"

"मा... माल, साहेब."

"माल बोलतो?"

"माझे आजोबा आहेत ते!" नात म्हणाली.

"अहो, मग शिडी लावा!"

"शिडी नाही, साहेब."

"कुणाला तरी आत पाठवा!"

"वाटच नाही. माणसासाठी जागा सोडणं म्हणजे जागा वाया घालवणं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"मग यंत्र बंद करा!"

"बंद केलं तर ते वरच राहतील. आता त्यांना मागवावंच लागेल."

दाराशेजारच्या पडद्यावर 'अनोळखी माल, तीन नग' असं दिसत होतं. नातीने बटण दाबलं. आधी कुणाच्या तरी चपला बाहेर आल्या, मग कुत्र्याचा पट्टा, आणि मग मी!

मालकांनी मला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. "वा! एक ओरखडा नाही! उत्तम यंत्र आहे!"

जावयाची नोकरी वाचली. माझी चौकशी कुणी केली नाही.

"आजोबा, आता कळलं!" नात टाळ्या पिटत म्हणाली. "ज्याला कुणी मागत नाही, तो सगळ्यात वर!"

उत्तर अचूक होतं. पैकीच्या पैकी गुण द्यावेच लागले.