लोकमतासाठी फिरविलेली उडकी

वळसंगचे मठपती रेवणय्या हे पूर्वी मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलाचे सभासद होते. आपल्या सात वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी एकाही सुधारणेस विरोध केला नाही, हे प्रथमच नमूद करणे न्यायाचे होईल. विरोध करणे त्यांस असभ्यपणाचे वाटे. कोणी बालविवाहाविषयी बिल आणो, कोणी सार्वजनिक विहिरींविषयी आणो, रेवणय्या शांतपणे उभे राहत, उपरणे सावरत आणि म्हणत, "अध्यक्षमहाराज, बिल उत्तम आहे. इतके उत्तम बिल लोकांस न विचारता पास करणे हा लोकांचा अपमान होय. सबब ते लोकमत अजमावण्यासाठी फिरवावे."

मग बिल फिरावयास निघे. ते जिल्ह्यांतून फिरे, कचेऱ्यांतून फिरे, आणि एकदा निघालेले बिल परत आल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. अशी नऊ बिले रेवणय्यांनी मार्गस्थ केली. सोलापुरास सात रस्त्याजवळ त्यांचा बंगला होता. तेथे सनातनी मंडळी येऊन म्हणत, "धर्म वाचला तो तुमच्यामुळे." सुधारक मंडळीही येत आणि म्हणत, "निदान हे नाही तर म्हणत नाहीत!" दोघांसही एकाच किटलीतला चहा मिळे.

सन १९३० च्या निवडणुकीत रेवणय्या पुन्हा मतदारांपुढे गेले. मतदारांनी त्यांचे भाषण लक्षपूर्वक ऐकून घेतले, आणि त्यांच्या उमेदवारीचा विचार पुढे ढकलला.

त्याच साली वळसंगास मठपती असलेले त्यांचे वडीलबंधू लिंगैक्य झाले. त्यांस पुत्र नव्हता. घराण्याचा मान परक्याकडे जाऊ नये म्हणून रेवणय्यांनी कोट उतरविला, भगवी कफनी चढविली आणि वळसंगची गादी पत्करून ते गावचे अय्या, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, झाले. बारसे असो, लग्न असो, की शेवटची विभूती असो, आता गावातल्या लिंगायतांच्या घरी रेवणय्यांवाचून पान हलणार नव्हते. गावास आनंद झाला. पाटील चन्नप्पा चावडीवर म्हणाले, "आता आपला अय्या म्हंजे साधा अय्या न्हाय. लाटसाहेबाच्या समोर बसून आलेला हाय."

रेवणय्यांनी मठाच्या पडवीत मेज मांडले, मेजावर घंटी ठेवली, आणि मठात झाडलोट करणाऱ्या सिदूच्या छातीवर पितळी बिल्ला असलेला पट्टा चढविला. पहिले काम बसव्वा नावाच्या म्हातारीचे आले. नातवाचे नाव ठेवायचे होते. रेवणय्यांनी तिघांची समिती नेमली. बाळास चार दात आले तेव्हा समितीचे, बाळास नाव असावे, इथपर्यंत एकमत झाले होते. घरची माणसे तोवर त्यास "ए समित्या" म्हणू लागली होती आणि तो ओ देत होता.

अशा शिस्तीत कारभार चालू असता चैत्रात दानम्मा आपल्या मुलीस घेऊन मठात आली.

दानम्मा शेंगादाण्याची चटणी कुटून बाजारी विकणारी बाई. तिची मुलगी कमलम्मा तेराव्या वर्षी विधवा झालेली, आता एकोणीस वर्षांची. सोलापुरात गिरणीत साच्यावर कापड विणणारा शिवपुत्र तिच्याशी उडकी लावावयास तयार होता. विधवेच्या पुन्हा लग्नास या भागात उडकी म्हणतात. ही चाल जुनी. वाजंत्री नाही, वरात नाही, आडोशाला चार माणसांत उरकायची. पण अय्याच्या हातच्या अक्षता पडल्याखेरीज ती पुरी होत नाही. शिवपुत्राच्या मामाने मात्र अक्कलकोटची दुसरी मुलगी पाहून ठेवली होती. वैशाखाच्या अवसेपर्यंत थांबतो, पुढे थांबणार नाही, असा त्याचा निरोप होता.

"दिवस सांगा अय्या, लवकरचा," दानम्मा म्हणाली.

"प्रस्ताव उत्तम आहे," रेवणय्या म्हणाले. हे त्यांच्या अगदी मनातले होते. मुलीकडे पाहून त्यांस गहिवरूनही आले होते.

"मग?"

"इतका उत्तम प्रस्ताव गावास न विचारता कसा मंजूर करावा?"

"गावाला काय इचारायचं त्यात? आमच्या आज्जीची उडकी तुमच्या आज्ज्यानंच लावली व्हती की!"

"म्हणजे बाब जुनी आहे," रेवणय्या गंभीरपणे म्हणाले. "आणि इतक्या वर्षांत तिच्यावर एकदाही लोकमत घेतलेले नाही. केवढी ही हयगय!"

त्यांनी कोरा कागद घेतला. त्यावर अनुकूल, प्रतिकूल आणि विशेष अभिप्राय असे तीन रकाने आखले. शिरोभागी सुंदर अक्षरात लिहिले: "सदर प्रकरण लोकमतासाठी गावात फिरवावे." खाली सही केली आणि मठाचा शिक्का उठविला.

सिदू कागद घेऊन प्रथम पाटलांकडे गेला. पाटील म्हणाले, "माझी काय बी हरकत न्हाय. पोरगी लई गुणाची. पर पैल्यांदा मास्तरास्नी लिवू दे, मग मी." मास्तर हिंदुराव म्हणाले, "माझी हरकत मुळीच नाही. पण मी पडलो शाळाखात्याचा नोकर. पाटलांनी लिहिले की लगेच लिहितो." दुकानदार वीरभद्रप्पांचीही हरकत नव्हती. त्यांनी कागद दोन दिवस गल्ल्याखाली सुरक्षित ठेविला आणि त्यावर हळदीचे एक बोट उमटवून परत केले. ते बोट अनुकूल व प्रतिकूल यांच्या बरोबर मधल्या रेघेवर होते.

वैशाख लागला. सारा गाव फिरून झाला. हरकत कोणाचीच नव्हती आणि तिन्ही रकाने कोरे होते.

"हरकत न्हाय म्हंत्यात सारी," सिदूने पट्टा सावरीत वर्दी दिली.

"हरकत नसणे म्हणजे संमती असणे नव्हे," रेवणय्या म्हणाले. "कागद पुन्हा फिरव."

अवसेला सहा दिवस उरले तेव्हा दानम्मा पुन्हा आली. या खेपेस ती खाली बसली नाही.

"अय्या, माझ्या पोरीचं काय झालं?"

"माझ्याकडून काहीच अडलेले नाही, दानम्मा. प्रकरण फिरतीवर आहे."

"मला वाचता येत न्हाय. कागदावर काय लिवलंय तेवडं वाचा."

सिदूने दुसऱ्या फेरीहून आणलेला कागद मेजावर पसरून रेवणय्यांनी घसा साफ केला आणि वाचले, "सदर प्रकरण लोकमतासाठी गावात फिरवावे."

"परकरण म्हंजे कोन?"

"कोण म्हणजे... तुझी कमलम्मा आणि तो शिवपुत्र. त्यांचेच हे प्रकरण."

"म्हंजे पोरगा-पोरगी गावात फिरवायची?"

"तसे नव्हे. म्हणजे, शब्दशः पाहता—"

"सही तुमचीच हाय न्हवं?"

"सही माझीच आहे."

"शिक्का?"

"शिक्काही मठाचाच आहे. परंतु—"

"बास झालं," म्हणून दानम्माने मेजावरचा कागद उचलला आणि ती चालती झाली. रेवणय्यांनी दोनदा घंटी वाजविली. पण दानम्मास सभागृहाचे नियम ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वळसंगात जे घडले ते त्या गावात पूर्वी कधी घडले नव्हते. हलगी कडाडली, सनई लागली. पुढे पट्टा घातलेला सिदू दोन्ही हातांनी कागद उंच धरून चालला होता, कारण कागद फिरविणे हे त्याचे कामच होते. त्यामागे एका बैलगाडीत हिरव्या लुगड्यातली कमलम्मा आणि फेटा बांधलेला शिवपुत्र बसले होते. उडकीची वरात! बायका दारात आल्या, म्हातारे ओट्यावर आले. पाटलांनी विचारले, "ह्ये कुनी सांगितलं?" सिदू म्हणाला, "अय्याचा हुकूम हाय, वाचा की." पाटलांनी 'फिरवावे' हा शब्द वाचला, खालची सही पाहिली आणि पागोटे चढवून ते वरातीत सामील झाले. पाटील दिसले म्हणून मास्तर आले. मास्तर दिसले म्हणून वीरभद्रप्पा आले. दानम्माने हुग्गीचे, म्हणजे गव्हाच्या खिरीचे, जेवण ठेवले आहे ही बातमी मारुतीच्या पारापाशी फुटली. तेथून पुढे मोजदाद राहिली नाही.

वरात मठाच्या दारी थांबली. रेवणय्या उंबऱ्यात उभे होते. समोर सारे गाव होते, गावाच्या हातात तांदूळ होते आणि गावाचा डोळा त्यांच्या हाताकडे होता. कौन्सिलात अशा वेळी दाराबाहेर जाता येत असे. येथे दार त्यांच्या पाठीशी होते आणि आत मठ होता.

"कोणाची हरकत?" त्यांनी क्षीण आवाजात विचारले.

"न्हाऽऽय!" गाव ओरडले. भूक सर्वांस लागली होती.

"अनुकूल किती?"

"अय्या," कमलम्मा गाडीतून प्रथमच बोलली, "सा वरसं झाली मी वाट बघत्या. आता टाका की."

रेवणय्यांनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांनी तांदळाची मूठ उचलली आणि स्पष्ट शब्दांत घोषित केले, "लोकमताचा हक्क राखून!" आणि अक्षता टाकल्या. हक्क राखून टाकलेल्या अक्षता इतर अक्षतांसारख्याच पडल्या. सनई वाजली, गाव जेवले. हुग्गी कमी पडली नाही. संध्याकाळच्या आत नवरानवरी सोलापुरास रवाना झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मठाच्या दाराखालून पहिले लोकमत आत आले.

मग मते थांबेनात. आजवर ज्या गावाने एक रकाना भरला नव्हता, त्याने आता पाठपोट भरून कागद धाडले. कोणी लिहिले की धर्म बुडाला. कोणी लिहिले की उडकी ठीक, पण सनई कशाला? एकाने, हुग्गीत वेलदोडा नव्हता यावरून हा विवाह अशास्त्रीय ठरविला. आपण वरातीत होतो खरे, पण केवळ गर्दीने ढकलल्यामुळे, असे नऊ जणांनी स्वतंत्रपणे कळविले. दोन-तीन महिन्यांत त्रेचाळीस मते जमा झाली. त्यांपैकी एक्केचाळीस प्रतिकूल होती आणि सही एकावरही नव्हती.

रेवणय्यांचे डोळे पाणावले. आयुष्यात प्रथमच फिरविलेली गोष्ट परत आली होती. परंतु हक्क राखला होता. निकाल देणे प्राप्त होते. ते गठ्ठा घेऊन स्वतः दानम्माच्या घरी गेले. ती उखळात चटणी कुटीत होती.

"दानम्मा, लोकमत प्रतिकूल आले आहे. मंजुरीचा फेरविचार करावा लागेल."

दानम्माने मुसळ थांबविले नाही. "पोरीला दिस गेल्यात, अय्या. त्येलाबी फिरवायचं का?"

रेवणय्यांनी गठ्ठा काखेत मारला. अखेर ते म्हणाले, "नाही. ही बाब तहकूब होण्यासारखी नाही." आणि मुलीसाठी द्रोणभर चटणी दे, सोलापूरच्या माणसाबरोबर पाठवतो, असे सांगून परत फिरले.

मठात येऊन त्यांनी गठ्ठा पुन्हा एकदा चाळला, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. मास्तर धरून वळसंगात लिहिता येणारी माणसे एकंदर अकरा होती. उरलेल्या बत्तीस मतांचे अक्षर वळणदार होते, भाषा शुद्ध होती आणि कागद बाहेरगावचा, चांगल्यापैकी होता. ती मते मठात अद्याप जपून ठेविली आहेत. ज्या वाचकांस आपापली ओळखून परत न्यावयाची असतील त्यांनी समक्ष यावे. नाव विचारले जाणार नाही.