बन्सीभाऊंच्या गळ्यातली वीणा

"शेठ, डास जरी आत शिरला तरी आधी त्याचं आधार कार्ड बघेन!" जळगावच्या एका डाळमिलचे मॅनेजर बन्सीभाऊ छाती ठोकून म्हणाले.

त्याचं असं झालं मंडळी, मालक पारसमलशेठ यांनी धुळ्याहून एक हॅकर खास बोलावला होता. चोरीसाठी नव्हे हो, परीक्षेसाठी! आठवड्यात कधीही येईल, कुठल्याही सोंगात येईल, मिलच्या कॉम्प्युटरात शिरेल आणि कुठं भोक आहे ते सांगेल.

"अन् शिरला तर?"

"तर मला मॅनेजरच्या खुर्चीवरून उठवा! पण नाही शिरला तर यंदाच्या हरिनाम सप्ताहाला मिलचं अंगण द्यायचं!"

"दिलं!"

झालं! बन्सीभाऊंना आत्तापासूनच अंगणात मांडव दिसू लागला. टाळ वाजला की भरल्या ताटावरून उठणारा हा माणूस! त्यांनी पासवर्ड बदलला. पेनड्राइव्हवर बंदी घातली. शेठांच्या सख्ख्या मेव्हण्याला "कशावरून मेव्हणे?" म्हणत तासभर उन्हात उभं केलं!

गुरुवारी दुपारी फाटकातून एक तरुण आला. कपाळी बुक्का, गळ्यात वीणा. बन्सीभाऊ विरघळले, उन्हातल्या गुळासारखे!

"माउली, आमच्या सप्ताहाची नगरप्रदक्षिणा मागच्या गल्लीत थांबलीय. सकाळपासून उभा आहे, पाय गेले हो."

वीणा गळ्यात असताना बसायचं नाही आणि सप्ताह संपेपर्यंत ती खाली टेकवायची नाही, हे बन्सीभाऊंना का कुणी सांगायला हवं?

"आणा इकडे, मी उभा राहतो! तुम्ही बसा!"

पाया पडून त्यांनी वीणा गळ्यात घेतली, डोळे मिटले, नामात दंग झाले. ऑफिसात खुर्ची एकच. कॉम्प्युटरसमोरची. अन् कॉम्प्युटर पासवर्ड टाकून उघडलेलाच!

थोड्या वेळानं टकटक ऐकू आली. टाळ म्हणावा तर ताल नाही! डोळे उघडले. माउली की-बोर्ड बडवत होती!

"मी कुंदन, धुळ्याचा," तरुण हसला. "शेठजींनी बोलावलेला."

"अरे चोरा! ऊठ!" बन्सीभाऊ जागच्या जागी नाचले. एक हात वीणेला, दुसरा हवेत. "हिलाल! धाव रे!"

वॉचमन हिलाल धावत आला.

"ही वीणा धर आधी!"

"भाऊ, मन्हा तोंडमा तमाखू शे! वीणाले हात कसा लावू?"

"मग त्याला धर!"

"त्याले? तो ते माउली शे!" हिलालनं लांबूनच नमस्कार केला.

"भाऊ, ठेवा की खाली," कुंदनला दया आली. "नाटकवाल्याकडून भाड्यानं आणलीय ती."

"गळ्यात आली की वीणाच!" बन्सीभाऊ गरजले. आणि डोळ्यांदेखत मिल लुटू दिली!

आवाज ऐकून पारसमलशेठ आले. कुंदननं अहवाल तोंडीच दिला, "शेठजी, कॉम्प्युटर पक्का आहे. भोक तेवढं बन्सीभाऊंना आहे."

बन्सीभाऊंनी मान खाली घातली. गेलं अंगण!

शेठांनी त्या वीणेकडे बोट दाखवलं.

"अंगण दिलं," ते म्हणाले. "पण एका अटीवर. सातही दिवस वीणा बन्सीभाऊंच्याच गळ्यात पाहिजे! म्हणजे हे खुर्चीत बसणार नाहीत, अन् तेवढे दिवस तरी माझा कॉम्प्युटर सुरक्षित राहील."

"रामकृष्णहरी!" बन्सीभाऊ गहिवरले. मग हळूच म्हणाले, "शेठ, तेवढं आत्ता कुणी वीणा घेईल का? मघापासून लघवीला लागलीय!"