पत्र लिहिण्यासाठी कॅमेरा दाबावा

ज्या संस्थेची घटना चौऱ्याऐंशी कलमांची असते, तिच्यात चूक होत नाही. झालीच, तर ती पंच्याऐंशीवं कलम होते. छत्तीसगडात, भिलाईतल्या मराठी लोकांच्या आमच्या वैनगंगा स्नेहमंडळाबद्दल हे मी कार्यकारिणीचा सदस्य या नात्याने अभिमानाने सांगू शकतो.

मंडळाचं कार्यालय म्हणजे एक खोली, तीन कपाटं, एक संगणक आणि विजया कापगते. विजयाताई नऊ वर्षांपासून मंडळाची पत्रं लिहीत होत्या, सभासदांची यादी सांभाळत होत्या. आमचे सचिव कृष्णराव देशकर इथल्या स्टील प्लांटमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. (निवृत्त झाले, असं प्लांटचं म्हणणं आहे.)

एका सोमवारी विजयाताईंनी संगणक सुरू केला, तर पडद्याच्या खालच्या पट्टीवरची चित्रं बदललेली. पत्र लिहायच्या जागी कॅमेऱ्याचं चित्र, मेलच्या जागी कॅल्क्युलेटर, आणि कॅमेऱ्याच्या जागी लिफाफा. कामं मात्र जुनीच होत होती. कॅमेरा दाबला की पत्राचं पान उघडायचं.

ओळखीतल्या सुमेधचं भिलाईच्याच सुपेला भागात कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विजयाताईंनी त्याला फोन लावला.

"काही नाही ताई," तो म्हणाला. "कम्प्युटर चित्रांची एक फाइल साठवून ठेवते. थे बिघडली असन. डिलीट करा आन् बंद-चालू करा. नवी आपोआप बनते. दो मिनट का काम है."

विजयाताईंनी हे कृष्णरावांना सांगितलं. सांगायला नको होतं. 'डिलीट' म्हणजे नष्ट करणं, आणि कलम एकोणचाळीसनुसार मंडळाचा कोणताही अभिलेख नष्ट करायला सर्वसाधारण सभेची दोन तृतीयांश संमती लागते. सभा मार्चमध्ये. महिना ऑगस्ट.

"मंग तोवर का करायचं, काका?"

"तोवर जे चुकीचं दिसून राहिलं, थेच बरोबर समजायचं. मी परिपत्रक काढतो."

परिपत्रक निघालं. 'पत्र लिहिण्यासाठी कॅमेरा दाबावा. मेल पाहण्यासाठी कॅल्क्युलेटर दाबावा. लिफाफा दाबू नये. दाबल्यास छायाचित्र निघण्याचा संभव आहे.' त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला. कार्यकारिणीच्या सतरा सदस्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शेवटी परीक्षाही घेतली. अकरा उत्तीर्ण झाले, चौघांनी चष्मा आणला नव्हता आणि दोघं दुर्गला लग्नाला गेले होते. (त्यांना सरासरी गुण दिले.) पहिला नंबर कृष्णरावांचा. प्रश्नपत्रिका त्यांनीच काढली होती, हा निव्वळ योगायोग.

पण एक गोष्ट खरी. साऱ्या नोकरीत ज्या माणसाने संगणकाला हात लावला नव्हता, तो त्या तक्त्यामुळे संगणक शिकला. सकाळी दहाला खुर्चीवर बसून कृष्णराव स्वतःच्या बोटाने कॅमेरा दाबायचे, पत्राचं पान उघडायचं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसायचा की विजयाताईसुद्धा त्यांना लिहायला आणखी एक पत्र द्यायच्या.

डिसेंबरात विजयाताईंची कॉलेजातली मुलगी उन्नती कार्यालयात आली. तिने पट्टी पाहिली, मग भिंतीवरचा तक्ता पाहिला.

"आई, हे बनवलं कोणी? आप लोगों को शरम नहीं आती?"

विजयाताईंना आली. मुलगी गेल्यावर त्यांनी ती फाइल पुसली आणि संगणक बंद करून चालू केला. चित्रं आपापल्या जागी आली. सुमेध म्हणाला होता तसंच, दोन मिनिटं. (लागलेला एकूण काळ: चार महिने दोन मिनिटं.)

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सांगायला त्या पोचायच्या आतच कृष्णराव खुर्चीवर बसले. पत्र लिहायला त्यांनी तक्त्याप्रमाणे कॅमेरा दाबला. पडद्यावर एक वयस्कर, गोंधळलेला माणूस दिसला. तो कोण, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी घाईघाईने कॅल्क्युलेटर दाबला, तर खरोखर कॅल्क्युलेटर उघडला.

विजयाताई आल्या तेव्हा ते हात मांडीवर ठेवून बसले होते.

"विजया, माह्यं शिकलेलं सारं गेलं. कावून केलं तू असं?"

"काका, ते आता बरोबर झालं ना. जसं दिसते तसंच उघडते."

"मग पहिल्यासारखं करून दे."

"चूक आपोआप झाली होती. माले मुद्दाम नाही करता येत."

"बरोबर मुद्दाम करता येते, आन् चूक नाही?"

संध्याकाळी विजयाताईंना हाताने लिहिलेली नोटीस मिळाली: 'विनापरवाना अचूकता'.

रविवारी तातडीची सभा भरली. (सर्वसाधारण सभा तातडीनेही भरवता येते, हे तेव्हा कळलं.) विजयाताई दाराजवळ बसल्या होत्या. देवीदास तुरकर या सदस्यांनी विचारलं, "पण चित्रं आता बरोबर आहेत ना?" हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने घेता आला नाही. 'नऊ वर्षांच्या सचोटीच्या सेवेबद्दल आभार मानून श्रीमती कापगते यांना कामातून मुक्त करावं,' असा ठराव आला. कृष्णराव तो वाचताना दोनदा अडखळले, पण वाचला.

विजयाताईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "यादीतले दोन पत्ते बदलायचे आहेत," एवढंच म्हणाल्या. आता त्या सिव्हिक सेंटरच्या बाजारात एका दुकानात टायपिंग करतात. मंडळाची पत्रं कृष्णराव हाताने लिहितात.

ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे त्यात माझाही हात होता, आणि देवीदासांचाही. समोसे थंड होऊन राहिले होते, आणि शेजारचे सगळे हात वर गेले होते. आपण तिथे असतो तर हात खालीच ठेवला असता, असं तुम्हाला या क्षणी वाटत असेल. मलाही वाटत होतं. घरून निघेपर्यंत.